संकटकाळची संदेशव्यवस्था : गांवानें आपला टॉवर आपणच उभारावा काय ?

आमच्या वडनेर भोलजी येथील शेतकऱ्यांच्या गेल्या बैठकींत बियाणें व खतें ह्यांचा विषय आटोपल्यावर एका तरुण सभासदानें उठून असा प्रश्न केला कीं, "आपण वर्गणी काढून पाणंद रस्ता दुरुस्त करितों, देवळाचा जीर्णोद्धार करितों, सामायिक विहिरीचा गाळ काढितों, मग पावसाळ्यांत ऐन वेळीं मुक्या होणाऱ्या कंपन्यांच्या टॉवरांवर विसंबून न राहतां गांवापुरता एक मोबाइलचा टॉवर आपला आपणच कां उभारूं नये?" प्रश्न ऐकून कांहीं मंडळी हंसली. प्रस्तुत लेखकास मात्र हंसूं आलें नाहीं. तीस वर्षांहून अधिक काळ महसूल खात्यांत कारकुनी करून मी गेल्या वर्षीं सेवानिवृत्त झालों. त्या काळांत पुष्कळ पावसाळे पूरनियंत्रण कक्षांत टेलिफोनपाशीं बसून काढले. आणि टेलिफोन हातांत असूनही निरोप जेथें पोंचावयास पाहिजे तेथें न पोंचणें म्हणजे काय, हें मीं स्वतः पाहिलें आहे. म्हणून त्या प्रश्नाचा शोध घेण्याचें काम मीं आपण होऊन पत्करिलें. मी कांहीं विद्युत्‌शास्त्राचा पंडित नव्हें. माझें शिक्षण मराठी शाळेंतलें. परंतु जाड फाइल वाचून तींतील सार काढण्याची संवय नोकरीनें लाविली आहे, तीच येथें उपयोगास आणिली आहे.

आधीं एक अनुभव सांगतों. तालुक्याचें व कचेरीचें नांव देण्याचें कारण नाहीं, कारण असा प्रकार कोणत्याही तालुक्यांत घडूं शकतो. श्रावणांतील एका रात्रीं वरच्या अंगास जोराचा पाऊस झाला व नाल्यास मोठें पाणी येत असल्याची खबर साडेअकराच्या सुमारास आली. नाल्याकाठच्या एका खेड्यास सावध करणें हें माझें काम. तलाठ्याचा मोबाइल लागेना, पोलीस पाटलाचा लागेना, कोतवालाचा लागेना, सरपंचाचा एकदां वाजला आणि मध्येंच तुटला. गांवांतील वीज सायंकाळींच गेली होती आणि तिच्या मागोमाग टॉवरही गेला होता, हें मागाहून कळलें. शेजारच्या गांवांतून एक माणूस मोटारसायकलवर पाठविला, तो नाल्याच्या अलीकडेच अडकला. मध्यरात्रीनंतर पाणी गांवांत शिरलें. दैव बरें म्हणून माणूस कोणी गेला नाहीं. परंतु गोठ्यांत बांधलेलीं जनावरें दाव्यासकट बुडालीं. पंचनाम्याच्या वेळीं एक वृद्ध शेतकरी मजपाशीं आला आणि मुळींच न रागावतां एवढेंच म्हणाला, "बाबूजी, तुमचा फोन आला असता त मी दावं कापलं असतं. बाकी पाण्याचं काय, थे येतेच." त्या रात्रींच्या नोंदवहींत वेळ, क्रमांक व शेरा अशा तीन रकान्यांत मीं माझ्या हातानें चौदा ओळी लिहिल्या होत्या. प्रत्येक ओळीच्या शेऱ्यांत एकच वाक्य होतें : "संपर्क होऊं शकला नाहीं." कागद पुरा झाला होता, काम कांहींच झालें नव्हतें.

ही एका तालुक्याची कथा नव्हे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव डोंगराच्या दरडीखालीं गाडलें गेलें व सुमारें दीडशें माणसें दगावलीं. गांवांतून बाहेर कोणाचाही फोन गेला नाहीं. नेहमीच्या फेरीस आलेल्या एस. टी. च्या चालकास समोर गांवच दिसेना, तेव्हां त्यानें ती वार्ता बाहेर नेली. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ कोंकणांत शिरलें, तेव्हां रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गांवीं विजेचे खांब व टॉवर एकदमच निकामी झाले, आणि मुंबईस असलेल्या मुलांना आपले आईबाप कसे आहेत हें कळावयास कित्येक दिवस लागले. आपल्या जिल्ह्याचेंच पहावयाचें तर २२ जुलै २०२३ ची अतिवृष्टि वाचकांच्या स्मरणांत असेल. पूर्णेच्या पलीकडील जळगांव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत नद्यानाले फुगून गांवांचे रस्ते तुटले, शेतें खरडून गेलीं, जनावरें वाहून गेलीं. आमचें वडनेर महामार्गावर आहे, मलकापूर व नांदुरा ह्यांच्या मध्यें. रेल्वेही दूर नाहीं. तरी शेतावरील वस्ती आणि गांव ह्यांमधील नाला भरला म्हणजे महामार्ग कांहीं कामाचा नाहीं.

आतां टॉवर मुका कां होतो तें पाहूं. मोबाइलच्या पद्धतींत मुलखाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यास एक टॉवर नेमून दिलेला असतो. तलाठ्यास जसा त्याचा सजा, तसा टॉवरास त्याचा तुकडा. शेतांतून शेतकरी बोलतो तेव्हां त्याचा आवाज बिनतारी लहरींनीं केवळ जवळच्या टॉवरापर्यंतच जातो. तेथून पुढें तो जमिनींत पुरलेल्या कांचेच्या तंतूंतून, किंवा टॉवरावर बसविलेल्या तबकडीवाटे, दूरच्या शहरांतील केंद्राकडे जातो. तेथें बोलणारा कोण व त्याचे पैसे भरले आहेत कीं नाहींत हें पाहिलें जातें. आणि मग तो परत फिरून दुसऱ्याच्या कानीं पडतो. म्हणजे बांधाला बांध लागून असलेले दोन शेतकरी मोबाइलवर बोलूं लागले, तरी त्यांचें बोलणें शेंकडों किलोमीटर हिंडून येतें. ह्या लांब वाटेंत कोठेंही खंड पडला कीं दोघेही मुके.

खंड बहुधा तीन कारणांनीं पडतो. पहिलें कारण वीज. टॉवराखालीं बॅटऱ्या असतात, परंतु त्या कांहीं तासांपुरत्याच. पुढें डिझेलचें जनित्र चालवावें लागतें, आणि रस्ता तुटला म्हणजे डिझेल आणणार कोण? दुसरें कारण तो कांचेचा तंतु. आमच्या गांवावरून जाणाऱ्या महामार्गाचें चौपदरीकरण चाललें होतें, तेव्हां वाचकांपैकीं पुष्कळांस ह्याचा अनुभव आला असेल : यंत्राचा एक फावडा चुकीच्या जागीं लागला कीं टॉवर डौलानें उभा, दिवाही लागलेला, आणि फोन मात्र मेलेला. तिसरें कारण गर्दी. एका टॉवरास एका वेळीं ठराविक लोकांचेंच बोलणें पेलतें. जुन्या, दुसऱ्या पिढीच्या पद्धतींत एका लहरीवर केवळ आठ जागा असत व त्यांतील एखादी व्यवस्थेसाठींच राखून ठेवावी लागे. नव्या पद्धतींत जागा वाढल्या आहेत, परंतु संकटांत सारा गांव एकदम फोन लावितो तेव्हां त्याही अपुऱ्या पडतात. येथें एक उपयुक्त गोष्ट सांगून ठेवितों. बोलणें जेव्हां जात नाहीं, तेव्हां लिहिलेला छोटा संदेश, म्हणजे एसएमएस, पुष्कळदां जातो. कारण त्यास फार थोडी जागा लागते व तो वाट पाहूं शकतो. दहा वेळां फोन लावण्यापेक्षां एक ओळ लिहून पाठवावी. वाऱ्यानें टॉवर समूळ कोसळणें हें त्या मानानें क्वचित् घडतें, निदान आपल्या वऱ्हाडांत तरी.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतों. गांवानें स्वतःचा टॉवर उभारणें शक्य आहे काय ? यंत्रविद्येच्या दृष्टीनें उत्तर "होय" असें आहे, आणि तें समजल्यावर मलाही नवल वाटलें. टॉवराखालच्या खोलींतील यंत्र पूर्वीं फार किंमतीचें व मोजक्या कारखान्यांतच होणारें असें होतें. अमेरिकेंत डेव्हिड बर्जेस व हरविंद सामरा ह्या दोघांनीं तेंच काम साध्या संगणकाकडून व त्यास जोडलेल्या एका लहानशा बिनतारी पेटीकडून करवून घेतलें. त्यांच्या प्रणालीचें नांव ओपनबीटीएस. २००८ सालीं नेवाडाच्या वाळवंटांत भरणाऱ्या बर्निंग मॅन नांवाच्या मेळाव्यांत त्यांनीं तिची चाचणी घेतली, आणि २०१० सालीं पॅसिफिक महासागरांतील निउए ह्या चिमुकल्या बेटावर ती बसविण्यांत आली. प्रणाली खुली असल्यामुळें कोणासही ती पाहतां व सुधारतां येऊं लागली.

शेतकऱ्यांच्या दृष्टीनें ह्याहून अधिक मनोरंजक हकीकत मेक्सिको देशांतील आहे. तेथील वाहाका प्रांतांत तलेया दे कास्त्रो नांवाचें कॉफी पिकविणारें एक डोंगरी गांव आहे. इतक्या थोड्या वस्तीसाठीं टॉवर परवडत नाहीं म्हणून बड्या कंपन्या तेथें येईनात. तेव्हां २०१३ सालीं गांवकऱ्यांनीं रायझोमॅटिका नांवाच्या संस्थेच्या साह्यानें आपली स्वतःची मोबाइल व्यवस्था उभारली. दर माणशीं महिना पंधरा पेसो वर्गणी ठेविली. गांवांतल्या गांवांत बोलणें फुकट. मात्र सर्वांस जागा मिळावी म्हणून एका वेळीं पांच मिनिटांहून अधिक बोलावयाचें नाहीं असा नियम केला. हा नियम मला फार आवडला. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी लावितात, तशीच ही बोलण्याची पाळी. पुढें आसपासच्या अनेक गांवांनीं तोच मार्ग धरला, आणि अशा गांवांच्या संस्थेस मेक्सिकोच्या सरकारनें २०१६ सालीं रीतसर परवाना दिला. खुद्द तलेयांत पुढें एक बडी कंपनी आली व लोक तिच्याकडे वळले, हेंही सांगितलें पाहिजे. अर्धी हकीकत सांगणें बरें नव्हे.

आमच्या तरुण सभासदास येथपर्यंत ऐकून आनंद झाला. पुढील भाग ऐकून तो थोडा हिरमुसला. पण तो सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. आपल्या देशांत असा टॉवर परवान्याशिवाय उभारणें हा गुन्हा आहे. बिनतारी लहरी ह्या जमिनीप्रमाणेंच आहेत, असें समजलें म्हणजे हा विषय आपल्या लोकांस चटकन उमगतो. लहरींचेही गट पाडलेले आहेत व प्रत्येक गटाचा जणूं एक सातबारा आहे. मोबाइलच्या लहरींचे गट सरकारनें लिलावानें कंपन्यांस दिलेले असून त्यासाठीं त्यांनीं हजारों कोटी रुपये मोजले आहेत. दुसऱ्याच्या गटांत नांगर घातला तर जें होतें तेंच येथें होतें, किंबहुना अधिक. १८८५ चा तार कायदा व १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा ह्यांच्या काळापासून हा निर्बंध चालत आला आहे. आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यांत परवानगीवांचून दूरसंचाराचें जाळें उभारणारास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा लिहिल्या आहेत. घरांत सिग्नल येत नाहीं म्हणून कित्येक लोक बाजारांतून सिग्नल वाढविण्याची पेटी आणून गच्चीवर बसवितात. ती देखील ह्याच निर्बंधांत येते; शिवाय ती शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन बिघडविते, ही गोष्ट निराळीच. उपग्रहाशीं बोलणारा फोन परदेशांतून आणून परवान्यावांचून बाळगणें हेंही तसेंच धोक्याचें.

आणि कायद्याची अडचण क्षणभर बाजूस ठेविली, तरी दुसरी एक गोष्ट राहतेच. टॉवर आपला झाला म्हणून वीज आपली होत नाहीं. कंपनीचा टॉवर ज्या कारणानें बंद पडतो, त्याच कारणानें आपलाही पडेल. जी गोष्ट रोज वापरांत ठेवावयास महिन्याचा खर्च व एक जाणता तंत्रज्ञ लागतो, ती वर्षांतून चार रात्रींसाठीं गांवानें करावी, हें मला हिशेबांत बसत नाहीं.

तथापि आपल्या महाराष्ट्रांत खेड्यांसाठीं निराळें बिनतारी जाळें झालेंच नाहीं असें नव्हे. मुंबईच्या आय. आय. टी. मधील मंडळींनीं २०१२ च्या सुमारास, त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत मोडणाऱ्या पालघर तालुक्यांत, ग्राममार्ग नांवाचा प्रयोग हातीं घेतला. दूरदर्शनसाठीं राखलेल्या लहरींपैकीं ज्या तेथें वापराविना पडून होत्या, त्यांच्यावर त्यांनीं सरकारची प्रायोगिक परवानगी घेऊन सात खेड्यांस इंटरनेट पोंचविलें, व पुढें गांवांची संख्या वाढविली. ह्या लहरी लांबीनें मोठ्या असल्यामुळें झाडी व चढउतार ह्यांतून त्या अधिक सहजपणें पार जातात. पडीत जमीन लागवडीस आणावी, तसाच हा प्रकार. मात्र तेथें विद्वान् मंडळी पाठीशीं होती व परवाना होता. केवळ वर्गणीच्या बळावर तें झालें नाहीं.

मग साध्या गांवास कांहींच करतां येत नाहीं काय ? येथें मला एक अशी गोष्ट कळली कीं ती माझ्या महसुली बुद्धीस फार पटली. ज्याप्रमाणें गांवांत गायरान असतें, त्याप्रमाणें लहरींतही कांहीं पट्टे सरकारनें सर्वांसाठीं मोकळे ठेविले आहेत. तेथें परवान्याची जरूर नाहीं. अट एवढीच कीं यंत्र अल्प शक्तीचें असावें व त्यास सरकारची उपकरण-मान्यता असावी. गायरानांत गुरें चारावीं, घर बांधूं नये, त्यांतलाच हा प्रकार. त्यांपैकीं दोन पट्टे आपल्या कामाचे आहेत.

एक पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. हा २०१८ च्या नियमांनीं मोकळा झाला. ह्यावर चालणारे हातांतील वॉकी-टॉकी मिळतात. त्यांस टॉवर लागत नाहीं, कार्ड लागत नाहीं, महिन्याचा आकार नाहीं. कळ दाबावी व बोलावें, कळ सोडावी व ऐकावें. एकाचें बोलणें त्या जाग्यावरील सर्वांस ऐकूं येतें, हा संकटांत दोष नसून गुणच आहे. मात्र खरेदी करतांना सावध असावें. बाजारांत, विशेषतः घरबसल्या मागविण्याच्या दुकानांत, भलत्याच पट्ट्यांवर चालणारे स्वस्त वॉकी-टॉकी पुष्कळ विकले गेले, व त्यांबद्दल सरकारास २०२५ सालीं विक्रेत्यांसाठीं खास निर्बंध घालावे लागले. मान्यतेचा दाखला मागावा; दुकानदार उडवाउडवी करूं लागला तर उठून यावें.

दुसरा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. ह्यावर चालणारीं एक प्रकारचीं लहान यंत्रें निघालीं आहेत. त्या पद्धतीस लोरा म्हणतात, व त्यांवर संदेश चालविणाऱ्या खुल्या प्रणालींपैकीं मेशटॅस्टिक ही एक आहे. हें यंत्र काड्याच्या पेटीहून थोडें मोठें. तें बोलत नाहीं. केवळ लिहिलेला लहानसा संदेश नेतें. आपल्या नेहमीच्या मोबाइलवर संदेश लिहावा. मोबाइल तो जवळच्या यंत्रास देतो. तें यंत्र दुसऱ्या यंत्रास, दुसरें तिसऱ्यास, असा तो हातोहात पुढें जातो. विहिरीवर आग लागली असतां माणसें रांगेनें उभीं राहून बादल्या देतात, तसें. मधलें एक यंत्र बंद पडलें तर संदेश दुसऱ्या वाटेनें जातो. वीज इतकी थोडी लागते कीं हाताच्या पंजाएवढ्या सौर पत्र्यावर व एका लहान बॅटरीवर यंत्र चालूं शकतें. किंमत एका यंत्रास तीन-चार हजार रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे फवारणीच्या एका बऱ्या पंपाइतकी.

माझा भाचा पुण्यास शिकतो. त्याच्याकडून अशीं दोन यंत्रें उसनीं आणवून आम्हीं गेल्या महिन्यांत प्रयोग केला. तत्पूर्वीं थोडें गणित करून पाहिलें होतें. पृथ्वी गोल असल्यामुळें नजर किती दूर पोंचते हें उंचीवर अवलंबून असतें : मीटरांतील उंचीचें वर्गमूळ काढून त्यास साडेतीननें गुणिलें कीं क्षितिजापर्यंतचें अंतर किलोमीटरांत सुमारानें मिळतें. उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची दीड मीटर धरली तर तें अंतर चार-सव्वाचार किलोमीटर येतें. पंधरा मीटर उंचीच्या पाण्याच्या टाकीवरून तें साडेतेरा किलोमीटरांवर जातें. ह्या जातीच्या लहरी बहुतेक नजरेसारख्याच सरळ चालतात, तेव्हां गांवांतील सर्वांत उंच जागा हाच आपला टॉवर, हें उघड झालें.

पहिल्या दिवशीं दोन्ही यंत्रें हातांत धरून आम्ही विरुद्ध दिशांनीं चालूं लागलों. उभ्या तुरींतून व घरांच्या गर्दींतून दीड किलोमीटर गेलों नाहीं तोंच संदेश थांबले, आणि बरोबरच्या पोरांनीं माझी थट्टा आरंभिली. दुसऱ्या दिवशीं एक यंत्र ग्रामपंचायतीच्या परवानगीनें पाण्याच्या टाकीच्या कठड्यास बांधिलें. त्यानंतर शिवाराच्या हद्दीपर्यंत, जेथें जेथें मोकळी काळी जमीन होती तेथें तेथें, संदेश बिनबोभाट पोंचला. एका खोलगट नाल्यांत, व रेल्वेच्या भरावाच्या आडोशास, तो मुळींच पोंचेना. हेंच खरें शिकावयाचें होतें. नाला हीच तर आपली धोक्याची जागा. तेव्हां नाल्याच्या दोन्ही कांठांस उंच जागीं एकेक यंत्र ठेविल्यावांचून ही योजना व्यर्थ आहे. एक सूचना येथें आवर्जून करितों : यंत्र टाकीवर ज्येष्ठ लागण्यापूर्वींच कायमचें बांधून टाकावें. विजा चमकत असतां कोणीही टाकीवर किंवा झाडावर चढूं नये. पोरांच्या अंगीं उत्साह फार असतो, म्हणून हें लिहिलें.

वडनेरहून तालुक्याच्या ठिकाणीं म्हणजे नांदुऱ्यास निरोप नेणें हा पुढचा टप्पा. त्यासाठीं मधल्या गांवांनीं आपापल्या टाकीवर एकेक यंत्र बांधिलें पाहिजे. हें एका गांवाचें काम नव्हे, व म्हणूनच हा लेख ह्या मासिकांत लिहीत आहें. नांदुऱ्यास पोलीस ठाण्यांत सरकारचें स्वतंत्र बिनतारी यंत्र असतें. तेथपर्यंत आपला निरोप गेला कीं पुढें जिल्ह्यास पोंचविणें त्यांच्या हातीं आहे.

ज्यांस ह्याहून लांब पल्ल्याची आवड असेल, त्यांच्यासाठीं हौशी बिनतारीचा, म्हणजे हॅमचा, मार्ग आहे. सरकारची एक परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. वयाचीं बारा वर्षें पुरीं झालेल्या मुलासही तो मिळूं शकतो. ह्या लोकांनीं केलेलें काम थोडें नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां तारा व टेलिफोन बंद असतां हॅम मंडळींनीं आपलीं यंत्रें नेऊन भूकंपग्रस्त भागांतून निरोप चालविले. २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद ह्या बाई आपल्या हौसेखातर सहकाऱ्यांसह अंदमानांत यंत्र लावून बसल्या होत्या. २६ तारखेस त्सुनामी आली व तेंच यंत्र पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीकडे लोकांची खुशाली कळविण्याचें साधन झालें. आपल्या तालुक्यांतील हायस्कुलांतून चार मुलें जरी ह्या परीक्षेस बसलीं तरी मला फार संतोष होईल. पोलीसभरतीचे वर्ग निघतात, मग ह्याचा एक कां निघूं नये ?

मोबाइल चालू असेल तोंवर त्याचाही उपयोग करून घ्यावा, त्यास विटाळ मानूं नये. आपल्या कंपनीचा सिग्नल नसला तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर चालू असल्यास ११२ हा क्रमांक पुष्कळदां लागतो. मोठ्या आपत्तींत सरकार कंपन्यांस एकमेकींचे टॉवर सर्वांसाठीं खुले करावयास सांगतें. जून २०२३ मध्यें गुजराथेंत बिपरजॉय वादळाच्या वेळीं तसें केलें होतें. अशा वेळीं मोबाइलच्या सेटिंगांत जाऊन दुसरें नेटवर्क हातानें निवडावयास येत असलें पाहिजे. राज्यांतील अनेक गांवीं ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे. तींत एका माणसानें ठराविक क्रमांकावर फोन केला असतां त्याचा आवाज त्याच वेळीं सर्व गांवकऱ्यांच्या मोबाइलवर जातो. चोर, बिबट्या किंवा आग ह्यांसाठीं ती उत्तम आहे. परंतु टॉवर बंद तर तीही बंद, हें विसरून चालणार नाहीं.

आतां आमच्या मंडळीनें काय ठरविलें तें सांगतों. खर्चाचा अंदाज असा : लोराचीं सहा यंत्रें, पैकीं एक टाकीवर, दोन नाल्याच्या दोन कांठांस, एक मंडळाच्या कचेरींत व दोन दूरच्या वस्त्यांवर; वॉकी-टॉकीच्या दोन जोड्या; आणि एक जुनी इन्व्हर्टर बॅटरी, जिच्यावर लोकांचे मोबाइल भरतां येतील. सर्व मिळून एका म्हशीच्या किंमतीच्या आंतच बसतें. ह्या यंत्रांपेक्षां मला माणसांची जास्त काळजी वाटते. यंत्र कपाटांत राहतें, बॅटरी उतरते, किल्ली ज्याच्यापाशीं तो लग्नास गेलेला असतो. असें सरकारी कचेऱ्यांतून मीं इतकें पाहिलें आहे कीं सांगतां सोय नाहीं. म्हणून प्रत्येक यंत्रामागें दोन माणसें नेमलीं आहेत, एक शेजारचा व एक घरचा. यंत्रावरून आलेला निरोप ज्यांच्या हातांत कांहीं नाहीं त्यांच्यापर्यंत न्यावयास देवळाचा, मशिदीचा व विहाराचा भोंगा आहेच; तिन्ही ठिकाणच्या मंडळींनीं होकार दिला आहे. वीज नसली तर भोंगेही मुके, तेव्हां कोतवालाची हलगी. दवंडीची चाल आमच्या गांवीं अजून अगदीं मोडलेली नाहीं.

निरोप कसा लिहावा ह्यावर मात्र बैठकींत बराच वाद झाला. कोणी म्हणालें सविस्तर लिहावें. माझें म्हणणें असें कीं संदेश चार शब्दांचा असावा : कोठें, काय, किती, कोण. "पूर्वेची वस्ती, पाणी गोठ्यांत, माणसें नऊ," आणि शेवटीं पाठविणाराचें नांव. निरोप पोंचल्यावर घेणारानें तोच उलट पाठवावा, म्हणजे चूक राहत नाहीं. तारेच्या काळांत शब्दास पैसे पडत, म्हणून लोक थोडक्यांत लिहिण्यास शिकले होते. जुलै २०१३ मध्यें तार बंद झाली आणि ती विद्याही लोपली.

एक नोंदवही ठेविली आहे. रकाने पूर्वींचेच आहेत : वेळ, कोणाकडून, शेरा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सायंकाळीं सहा वाजतां, वीज असो वा नसो, टाकीवरील यंत्राकडून प्रत्येक ठिकाणीं एक संदेश जाईल व ज्याचें उत्तर येणार नाहीं त्याच्याकडे दुसऱ्या दिवशीं माणूस जाऊन कारण पाहून येईल. गेल्या खेपेस सहांपैकीं चारांचें उत्तर आलें. पांचव्याची बॅटरी उतरली होती. सहावें यंत्र नाल्यापलीकडल्या वस्तीवरचें. तें घरच्या मुलांनीं खेळावयास नेलें होतें, तें गंजींत सांपडलें. मधल्या गांवांपैकीं ज्यांस आपल्या टाकीवर यंत्र बांधावयाचें असेल, त्यांनीं आपल्या टाकीची उंची व तीवरून नांदुऱ्याच्या बाजूस काय काय दिसतें, एवढें लिहून मंडळाच्या कचेरीकडे पाठवावें.